कॉन्व्हर्स मोड
गच्चीवरचा अँटेना बघून हवालदार थर्मल वीज केंद्राच्या राखेने माखलेल्या बुटांनिशी खोलीत शिरला. मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स दाखवलं, तरी त्याची नजर वायरींवरून हटेना. "यासीन, कुणाशी बोलतो बे चोरून?" "चोरून कावून, साहेब? घाटनांदूरच्या सोमेश्वरशी बोलतो. कमांड मोडमध्ये लिहिलेलं या मोडेमच्या डब्यापुरतंच राहतं. कॉन्व्हर्स मोडमध्ये तेच रेडिओवरून थेट त्याच्या कॉम्प्युटरवर जातं." "मग लाव कॉन्व्हर्स. सरक, मी लिहितो." मी मोड बदलला. त्याने एका बोटाने लिहिलं, 'काय चाललंय तिकडं?' "उत्तर कावून देईना तो? इशारा ठरलाय का तुमचा?" मग स्क्रीनवर अक्षरं उमटली: 'तुमी यासीन न्हाई. यासीन आधी माझ्या आजारी म्हशीचं इचारतो. खरं सांगा, त्याला कुठं नेलंय?' हवालदाराने कीबोर्ड माझ्याकडे ढकलला. "विचार बाबा, म्हस कशी हाय."