एकोणतीस भागिले सात

शाळेत मोठ्या मुली एकोणतीस आणि कबड्डीच्या संघात सात. चार संघ व्हायचे आणि उरायची ती तांड्यावरची अंजू. पहिल्या संघाची कप्तान कौसल्या तिला रोज रेषेबाहेर बसवायची.

"भागाकार शिकली ना? तू बाकी आहेस. बाकी खेळत नसते."

सगळ्या हसायच्या.

दिवाळीनंतर अंजू तांड्यात घरोघर फिरली. शाळा सोडून कापूस वेचायला जाणाऱ्या सहा मुलींना तिनं परत वर्गात आणून बसवलं. पाचवा संघ झाला. त्या सात जणींनी महिनाभरात चारही संघ हरवले. कौसल्याचा पाय तर अंजूनं सरांची शिट्टी वाजल्यावरही सोडला नाही.

मारेगावच्या तालुका स्पर्धेआधी सर म्हणाले, "अंजू, तुझा संघ जाईल. सोबत एक राखीव खेळाडू निवड."

"कौसल्या."

कौसल्याचे डोळे भरून आले. बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "मले वाटलं, तुले माह्या राग आला असन."

"आलाच आहे," अंजू म्हणाली. "तुले खेळाले नाही नेऊन राह्यली. बाहेर बसून पाहाले नेऊन राह्यली."