आतून लागणारे स्क्रू

ओट्याखालच्या ड्रॉवरची पुढची फळी पुन्हा निखळून हातात आली.

"अहो, आता तरी सुतार बोलवा," बायको हॉलमधून म्हणाली.

"चार स्क्रूंचा तर खेळ आहे!" असं म्हणत तो फरशीवर मांडी ठोकून बसला.

स्क्रू आतल्या बाजूने लावायचे होते. त्याने ते अर्धवटच पिळले. आधी ड्रॉवर बंद करून फळी रेषेत आणायची, मग उघडून स्क्रू करकचून आवळायचे, अशी त्याची रीत. काम फत्ते झालं की तो फळीवर दोनदा टकटक करायचा. त्या आवाजावरच बायको चहा ठेवायला उठायची.

फळी रेषेत आली. त्याने स्क्रूड्रायव्हरसाठी बाजूला हात नेला, तर तो तिथे नव्हता. ड्रॉवरमध्येच राहिला होता.

"घ्या! झाली पंचाईत," स्वतःशीच हसत त्याने हँडल ओढलं. ड्रॉवर हलेना.

आतून आवाज आला. कर्र. जरा थांबून पुन्हा, कर्र.

त्याच्या तळहाताखाली फळी डाव्या अंगाने आत ओढली गेली. मग उजव्या अंगाने. आतल्याला कसलीच घाई नव्हती. मुरलेला कारागीर अंदाज घेत आवळतो, तसं सावकाश चाललं होतं. फट मिटत मिटत केसाएवढी उरली, आणि मग तीही गेली.

त्याने चटका बसल्यासारखा हात काढून घेतला.

आतून फळीवर दोनदा टकटक झाली.

"झालं वाटतं!" हॉलमधून बायकोची पावलं वाजली. "आलेच हं चहा ठेवायला."

आणि ड्रॉवर हळूहळू बाहेर सरकू लागला.