टर्बोची चाचणी

दादाने आठ महिने राबून आपल्या जुन्या स्पोर्ट्स कारसाठी घरच्या गॅरेजमध्येच इंजिनाची ताकद वाढवणारं टर्बोचं किट तयार केलं. टर्बो गाडीत बसवून झाला, पण त्याला तेल पुरवणारा पाइप अजून तपासायचा होता. "तोवर किल्लीला हात लावायचा नाही," असं त्याने धाकट्या भावाला दोनदा बजावलं होतं.

दादा पाइपची क्लिप आणायला गेला आणि धाकट्याने गाडी बाहेर काढली. वळणावर पाइप सुटला, तापून लालबुंद झालेल्या टर्बोवर तेल उडालं आणि बॉनेटमधून जाळ उठला. दुकानातून परतणाऱ्या दादाच्या डोळ्यांदेखत गाडी तीन कोलांट्या खाऊन कठड्यावर आदळली. त्याने धावत जाऊन काच फोडली, धाकट्याला ओढून काढलं आणि मागे पेट्रोलच्या टाकीचा भडका उडाला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी आईला एक्स-रे दाखवला. जबडा मोडला होता, दोन बरगड्यांना तडे गेले होते आणि पुढचे तीन दात गायब होते.

"एवढ्या भयंकर अपघाताच्या मानाने पोरगा स्वस्तात सुटला," डॉक्टर म्हणाले.

आईने डोळे पुसले. "कशावर आपटलास रे इतका?"

धाकट्याला बोलता येत नव्हतं. त्याने खुणेने कागद मागितला आणि लिहिलं,

 

"अपघातात ओरखडाही आला नाही. बाहेर काढल्यावर दादाने विचारलं, 'कुठे लागलं का रे?' मी 'नाही' म्हणालो, तेव्हा त्याने सुरुवात केली."