काय केलं होतं?

“जेवलात का, आजी?”

“जेवले.”

“काय केलं होतं?”

दुसरा प्रश्न फोन करणाऱ्या मुलीनेच प्रश्नावलीत घातला होता. उन्हाळी इंटर्नशिपमध्ये ती वृद्धांच्या धोरणासाठी सरकारी कार्यालयातून आजी-आजोबांना फोन करायची. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं, एकटी माणसं ‘जेवलो’ म्हणून मोकळी होतात. काय, ते मात्र सांगता येत नाही. कार्यालयातल्या मॅडमनी कौतुकाने नियमच केला: या प्रश्नाला जो गप्प बसेल, त्याच्या नावापुढे ‘एकाकी’ अशी खूण.

“मुगाची खिचडी, वर लसणाची फोडणी,” आजी म्हणाल्या. “तू गं? जेवलीस?”

परक्या शहरातल्या दीड महिन्यात हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

“हो, जेवले की!”

“काय केलं होतंस?”

टेबलावर बिस्किटांचा अर्धा पुडा होता. आजी वाट पाहत राहिल्या.

नावांच्या यादीच्या तळाशी तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे खूण केली.