शेवटचा हात कुणाचा

“सगळी फाइल एका दमात आवर. समास सरळ कर, फालतू रिकाम्या जागा काढ, बाकी कशाला हात लावू नकोस,” साहेबांनी फर्मावलं. मजकुरातल्या दुबार ओळी गाळणारा तो प्रोग्रॅम साहेबांनीच लिहिलेला, आणि दिसायला नुसता उकिरडा. त्याच दिवशी, बुधवारी, हाताखालच्या मुलीने त्याच्या दोन हजार ओळी रांगेत उभ्या केल्या.

सोमवारी कंपनीच्या मालकीणबाईंनी तिला बोलावलं. प्रोग्रॅम दरेक फाइलची शेवटची ओळ गिळत होता, आणि कोणती ओळ कुणी बदलली याच्या नोंदीत त्याच्या प्रत्येक ओळीपुढे ‘शेवटचा बदल’ म्हणून तिचंच नाव होतं.

“अहो, मी नुसती झाडलोट केली! रिकामी जागा हलवून ओळ कशी गायब होईल?”

“मग काय भुताने केलं? उद्यापासून येऊ नका.”

“जाऊ द्या बाई, पोर चांगली आहे,” साहेब मायेने म्हणाले. “अनुभवाचं पत्र मी देतो तिला.”

आता तिलाच शंका आली. खरंच आपलाच हात लागला असेल का कुठे?

कामावरून काढल्याच्या कागदाला ग्राहकाची तक्रार टाचलेली होती. जिन्यात थांबून तिने ती वाचली. शेवटची ओळ गायब होते अशी ती तक्रार थेट साहेबांच्या नावे होती, आणि तारीख मंगळवारची, झाडलोटीच्या आदल्या दिवसाची.