दौलतरावांचा पहिला बोलपट

दौलतराव तलवारीच्या मुठीवर हात ठेवून कॅमेऱ्यासमोर उभे होते आणि तलवार काही बाहेर निघत नव्हती.

दौलतराव हे कोल्हापूरच्या मूकपटांचे हुकमी नायक. बारा वर्षं दिग्दर्शक अण्णा टिपणीस कॅमेऱ्यामागून ओरडायचे, "दौलत्या, तलवार काढ! आता हस!" आणि दौलतराव तसं करायचे. आता बोलपट आला. मायक्रोफोन सगळंच टिपतो, म्हणून अण्णा तोंडात रुमाल कोंबून बसले होते.

"उद्या हा खांब हलला नाही, तर नाटक कंपनीतला नट आणतो," चित्रपटाला पैसे घालणारे शेठजी म्हणाले.

अण्णांनी त्याच दुपारी कथेत एक राजगुरू घुसवला, स्वतः दाढी चिकटवली आणि राजपुत्र झालेल्या दौलतरावांच्या मागे मागे फिरू लागले. "राजपुत्रा, तलवार काढ! राजपुत्रा, राजकन्या इकडे आहे, तिकडे घोडा आहे!" काम सुसाट निघालं.

अडलं ते शेवटी. शेठजींना शेवट रडका हवा होता, म्हणून राजगुरूंनी मरायचं ठरलं. अण्णा तिरडीवर डोळे मिटून पडले. शेजारी दौलतराव कोरडे ठणठणीत उभे. फिल्म फुकट फिरत होती.

अखेर प्रेतानं मान वर केली. "राजपुत्रा, मी मेलोय. रड की!"

दौलतराव ढसाढसा रडले. कच्ची फिल्म संपली होती, त्यामुळे शेठजींनी प्रसंग तसाच ठेवला.

पहिल्याच खेळाला अख्खं थिएटर रडलं. नाटक कंपनीतल्या नटाचा विषय शेठजींनी पुन्हा काढला नाही. बाहेर पडताना एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "गुरू असावा तर असा बाई. मेला, तरी पोराला एकटं नाही सोडलं."