डावी बाजू

"न्हाई. पुन्हा लाव," चतुराबाई म्हणाली.

पप्पूनं काउंटरवरच्या निळ्या स्पीकरचं बटण पुन्हा दाबलं. टेंभुर्णीच्या स्टँडसमोरचं त्याचं मोबाईलचं दुकान एवढंसं; चतुराबाई उभी आणि चार्जर बदलायला आलेला कचरू स्टुलावर, एवढ्यातच ते भरलं होतं. स्पीकरमधून चतुराबाईचाच आवाज आला, लख्ख.

"जावा-जावाचं भांडण बाई, चुलीवरलं दूध..."

मग काहीच नाही. जात्याची घरघरसुद्धा नाही. एक ओळ म्हणून व्हावी इतका वेळ स्पीकर मुका राहिला, आणि पुन्हा चतुराबाईचीच पुढची ओवी सुरू झाली.

"माझी जाऊ कुठं गेली?"

"कोण जाऊ?"

"केशर. नागसेनची माय. पहिली ओळ माझी, दुसरी तिची. सगळं तसंच हाय. मंग तिच्या ओळी कुठं गेल्या?"

केशरबाईला जाऊन उद्या वर्ष होत होतं. विहारात पुण्यानुमोदनाला नागसेननं भरून ठेवलेल्या तिच्या जात्यावरच्या ओव्या लावायच्या, असं घरात ठरलं होतं. पण विहारातला स्पीकर ती मोठी फाईल घेईना. नागसेन जालन्याच्या एमआयडीसीत कामावर. त्यानं फोनवर सांगितलं, पप्पूकडून लहान करून आण, फक्त मूळचं तसंच ठेव म्हणावं. काल मेमरी कार्ड देताना चतुराबाईनं पप्पूला हे दोनदा सांगितलं होतं.

"जावा काय मावशी, एकमेकीला बोलूच देत न्हाईत," कचरू हसत म्हणाला. "आवाज मात्र एकदम बराबर हाय तुमचा."

चतुराबाईनं त्याच्याकडं पाहिलं. कचरू चार्जरच्या वायरीचा पीळ सोडवू लागला.

पप्पूनं कॉम्प्युटरवर फाईल उघडली, मागंपुढं केली. "दोघींचे माईक येगळे व्हते का?"

"नागसेननं दोघींच्या पदराला एकेक बारका माईक लावल्ता."

पप्पूचा हात माऊसवर थांबला.

"मंग तुमचा आवाज डाव्या बाजूला भरला, तिचा उजव्या. मी डावी ठेवली."

"म्हंजे?"

"ह्या डब्यात स्पीकर एकच असतो, मावशी. दोन बाजू ठेवून काय करता? एक ठेवायची, एक काढायची. निम्म्या जागेत गाणं बसतं. समद्या गावाची गाणी मी अशीच करून राह्यलो. डीजेच्या गाण्यात दोन्हीकडं जवळपास तेच असतं. आजवर एक माणूस बोललं न्हाई."

"आन् जातं?"

"ती खरखर व्हती. ती काढली, मागचे बारके आवाज बी काढले. साफ केलं."

"साफ कर म्हणून कोण बोललं तुला?"

पप्पूनं माऊस उगाच फिरवला.

"मूळचं लाव," चतुराबाई म्हणाली. "तसंच ठेव म्हणलं व्हतं ते."

"ठेवणारच व्हतो. पण ती मूळची वेव्ह फाईल लई मोठी, तिनंच निम्मं कार्ड खाल्लं व्हतं. मंग म्हणलं, उद्या माणसं बसतील, ओव्या संपल्यावर वाजाया काहीतरी पाहिजे. भीमगीतं भरून दिली. कार्ड गच्च केलं. एक रुपया घेतला न्हाई, इचारा."

"मूळचं लाव."

"ती पुसून त्याच जागेवर भरली ना गाणी. आता ते निघत न्हाई."

"तुझ्या डब्यात असंल की." तिनं कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं.

"काम झालं की पुसतो मी. लोकांच्या फोटोंची भानगड नको."

नागसेनच्या ज्या फोनवर हे भरलेलं होतं, तो दिवाळीतच फुटला होता. तेव्हापासून जे होतं ते याच कार्डात होतं. चतुराबाईनं ते रुमालाच्या गाठीत बांधून आणलं होतं. आताही तिच्या मुठीत तो रुमाल होता, गाठ सुटलेला.

दुधाच्या ओवीची दुसरी ओळ तिला पाठ होती. 'उतू जाया लागलं की दोघींना येती सुध.' पण केशर एक ओळ सहसा दोनदा म्हणत नसे. चतुरानं टाकायचं आणि तिनं जागच्या जागी जुळवायचं. जुनीच ओळ आली तर तिला आपण हरलो असं वाटे. हे भरलं त्या दिवशी दोघींचं शेताच्या पाण्यावरून भांडण झालेलं होतं. जात्यावर बसल्या तरी एकमेकींशी बोलत नव्हत्या. जे बोलायचं ते केशर ओवीतून बोलली होती. एकेक ओळ अशी लागलेली, की चतुराबाईला राग यावा आणि हसू दाबावं लागावं. त्या ओळी आता ती आठवू गेली तर पुढं फक्त स्वतःचाच आवाज येत होता.

स्पीकर चालूच होता. ओळ आली. मग मुकं. तेवढ्यात बाहेर कुठल्या तरी टेम्पोचा हॉर्न वाजला. पुन्हा ओळ.

"एक करतो," पप्पू म्हणाला. त्याला उपाय सापडला होता, म्हणून आवाजही जरा मोकळा झाला होता. "ही मधली रिकामी जागा कापून टाकतो. तुमच्या ओळी एकामागं एक जोडतो. बिलकुल कळणार न्हाई कोणाला. फाईल अजून लहान होईल."

चतुराबाईनं स्पीकर बंद केला. कार्ड स्वतःच्या नखानं ओढून बाहेर काढलं, रुमालात ठेवलं आणि गाठ मारली.

"कापायचं न्हाई. उद्या विहारात हे असंच वाजंल. तू बी येऊन पुढं बैस. दर वेळेला ते गप झालं, की मी उठून सांगणार, हितं केशर गात व्हती, पप्पूला जागा पुरली न्हाई."